घसारा कुणाच्या खिशातून जातो? : नवा फोन, जुना फोन



मागच्या वर्षी याच व्याख्यानमालेत मी 'स्व' या कल्पनेवर दीड तास बोललो होतो. व्याख्यान संपलं, मी चपला शोधत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. मला वाटलं, आता उपनिषदांवर काहीतरी विचारणार. त्यांनी विचारलं, "सर, मुलगा म्हणतो नवा फोन घ्या. जावई म्हणतात, एक वर्ष वापरलेला घ्या, बराच स्वस्त मिळतो. तुम्ही काय म्हणता?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. असंच उत्तर मी पूर्वी एकदा, जिन्यात उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात दिलं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्या माणसानं मोजली. ती गोष्ट पुढे सांगतो. त्या गृहस्थांना मी म्हटलं, पुढच्या वर्षी यावरच बोलेन. ते आज इथे आहेत का, माहीत नाही. एव्हाना त्यांनी फोन घेऊनही टाकला असेल.

सुरुवात शब्दापासून करू. किंमत उतरते त्याला आपल्या हिशेबनिसांनी फार सुंदर शब्द ठेवलाय : घसारा. जातं फिरून फिरून गुळगुळीत होतं, चपलेची टाच झिजते, टायर घासतं, तो घसारा. शब्दातच घासणं आहे. आणि नेमका तिथेच तो आपल्याला चकवतो. कारण फोनची किंमत घासल्यामुळे उतरत नाही. तुम्ही आज एक फोन आणा, डब्याचं सीलसुद्धा फोडू नका, कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवा, दोन वर्षांनी बाहेर काढा. एक ओरखडा नाही. तरी किंमत उतरलेली असणार. मग झिजलं काय?

अॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक साधं उदाहरण आहे, पादत्राणाचं. तो म्हणतो, पादत्राणाचे दोन उपयोग : एक पायात घालायचं, दुसरा ते देऊन बदल्यात काही घ्यायचं. वस्तू एक, पण उपयोग दोन, आणि त्या दोन उपयोगांचं मोल वेगवेगळं. पुढे अर्थशास्त्रात याची उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य अशी जोडी झाली. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही वर्गात चाळीस मिनिटांत उरकून टाकत असे. पण फोन हातात घेतला की ही जोडी अगदी डोळ्यांसमोर उभी राहते.

फोनची विकायची किंमत सुरुवातीला धाडकन उतरते आणि मग हळूहळू. उपयोगाचं अगदी उलट. पहिली तीन-चार वर्षं उपयोग जवळजवळ तसाच राहतो. फोन लागतो, पैसे जातात, नातवाचे फोटो येतात. आणि मग एक दिवस कडा येतो, सरळ खाली. बँकेचं अॅप म्हणतं, तुमच्या फोनवर मी चालणार नाही. १ जानेवारी २०२५ला अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवरचं व्हॉट्सअॅप बंद झालं. ते फोन आदल्या दिवशी चालत होते, दुसऱ्या दिवशीही चालू होत होते. झिजलं काहीच नव्हतं.

तर उतार दोन आहेत. किमतीचा उतार माथ्यावर उभा आहे, उपयोगाचा पायथ्याशी. पहिला गिऱ्हाईक पैसे घालवतो माथ्यावर. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला पायथ्याचा कडा येतो. माझं आजचं सगळं बोलणं या एका चित्राभोवती आहे.

माथ्यावर किंमत इतकी का कोसळते, ते पाहू. एक साधं कारण कराचं. १ एप्रिल २०२०पासून मोबाइलवर जीएसटी १२चा १८ टक्के झाला. चोवीस हजारांच्या फोनमध्ये सुमारे तीन हजार सहाशे साठ रुपये कर असतो. तुम्ही तो भरलात, पण उद्या शेजाऱ्याला फोन विकताना "यातला कर वेगळा द्या" असं म्हणता येत नाही. त्यात दुकानदाराचा नफा, जाहिरातीचा खर्च. हे सगळं दुकानाच्या पायरीवर राहून जातं, तुमच्याबरोबर घरी येत नाही. (जुन्या फोनचा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरण्याची सोय आहे. जुना माल स्वस्त पडायचं तेही एक कारण.)

दुसरं असं, की जुन्या फोनचा भाव नव्याच्या आजच्या भावाला बांधलेला असतो. तुम्ही काय मोजलंत याच्याशी बाजाराला देणंघेणं नाही. दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेल लागतो, तोच नवा फोन चार हजारांनी उतरतो, आणि तुमच्या खिशातला फोन त्या रात्री झोपेत उतरतो. "अहो, मी अठ्ठावीसला घेतलाय!" असं म्हणून भाव मिळत नाही. हे वाक्य मी दुकानात उभं राहून स्वतः म्हटलेलं आहे, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट असताना.

पण तिसरं कारण सगळ्यात खोल आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं. १९७०मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर. निबंधाचं नाव 'द मार्केट फॉर लेमन्स', म्हणजे लिंबांचा बाजार. अमेरिकेत खटारा निघालेल्या गाडीला लिंबू म्हणतात. आपण नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधतो, तिकडे गाडीच लिंबू निघते. असो.

अॅकरलॉफचा प्रश्न असा होता : नवी गाडी शोरूमबाहेर काढली की लगेच तिची किंमत इतकी का पडते? गाडी तर तीच आहे. त्याचं उत्तर थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा चांगल्याचा भाव द्यायला तयार नसतो. तो चांगल्या-वाईटाच्या मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. उरतात त्यात वाईट जास्त. मग भाव आणखी पडतो. मग उरलेल्यांतले बरे निघून जातात. असं करत बाजारच बसतो. यात कुणी खोटं बोलायचीही गरज नाही, नुसत्या न सांगितलेल्या गोष्टी पुरतात.

आता फोन घ्या. महिनाभर वापरलेला फोन कुणी विकायला काढला, की आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? "का विकतोय?" त्या 'का'ची किंमत त्या फोनमधून वजा होते. विकणाऱ्याची खरी अडचण असेल, घरात आजारपण असेल, तरीही वजा होते. प्रामाणिक माणूस अप्रामाणिकांच्या वाटचा दंड भरतो. घसाऱ्याचा एक मोठा हिस्सा म्हणजे हा संशय.

त्याच निबंधात अॅकरलॉफनं भारतातल्या कर्जबाजाराचंही उदाहरण घेतलंय. गावातला सावकार शहरातल्या बँकेपेक्षा जास्त व्याज लावतो आणि तरी टिकतो, कारण त्याला कर्ज घेणाऱ्या माणसाची माहिती असते, त्याच्याकडून वसूल कसं करायचं तेही माहीत असतं. बाहेरचा कुणी तिथे जाऊन कमी व्याजानं पैसे देऊ लागला, तर त्याच्याकडे बुडवणारेच आधी येतील. माहितीला भाव असतो, हा मुद्दा लक्षात ठेवा. गल्लीतला ओळखीचा मोबाइलवाला तुम्हाला हजार रुपये जास्त सांगतो, तेव्हा ते हजार कशाचे आहेत, ते यातून कळेल.

आता थोडी आकडेमोड. घाबरू नका, चौथीची आहे. आकडे मी समजून चाललोय, तुम्ही घरी तुमचे घाला.

समजा एक फोन नवा चोवीस हजारांना मिळतो आणि एकंदर सहा वर्षं चालतो. वर्षभरानं तो पंधरा हजारांना विकला जातो, चार वर्षांनी पाच हजारांना, आणि सहा वर्षांनी मोडीत हजार रुपये येतात. मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागते, तिचे दोन हजार धरू.

जो दर वर्षी नवा घेतो आणि जुना विकतो, त्याला वर्षाला नऊ हजार पडतात. जो नवा घेऊन सहाही वर्षं वापरतो, त्याचे चोवीस अधिक दोन वजा एक, म्हणजे पंचवीस हजार भागिले सहा. वर्षाला चार हजार एकशे सदुसष्ट. आणि जो एक वर्ष जुना पंधरा हजारांना घेऊन उरलेली पाच वर्षं वापरतो, त्याचे सोळा हजार भागिले पाच, तीन हजार दोनशे.

बघा हं. नवा घेऊन शेवटपर्यंत वापरणारा आणि वर्षभर जुना घेऊन शेवटपर्यंत वापरणारा, यांच्यात फरक वर्षाला हजाराच्या आत. महिन्याला ऐंशी रुपये! आणि दर वर्षी बदलणारा त्या दोघांच्या दुपटीच्याही वर. आपण घराघरांत वाद घालतो तो नवा की जुना असा, आणि पैसे जातात ते 'किती दिवस' या प्रश्नात. त्याबद्दल वाद होत नाही, कारण घेताना तो प्रश्न कुणाला सुचतच नाही.

पुढे. चार वर्षं जुना, पाच हजारांचा फोन घेतला, दोन वर्षं चालला, तर पाच अधिक दोन वजा एक, सहा हजार भागिले दोन : वर्षाला तीन हजार. म्हणजे पंधरा हजारवाल्यापेक्षा फक्त दोनशे रुपयांनी स्वस्त. आणि तो दोनाऐवजी एकच वर्ष चालला तर? सहा हजार. नव्यापेक्षा महाग! सगळ्यात कमी पैसे देणारा माणूस वर्षाच्या हिशेबात सगळ्यात महाग फोन वापरत असू शकतो. कड्याच्या जवळ घर बांधलं की असं होतं.

आता यात संशय मिसळू. समजा वापरलेल्या चार फोनांत एक अगदीच वाया जाणारा निघतो. चार फोनांचे साठ हजार, त्यातले तीन चांगले, म्हणजे एक चांगला फोन वीस हजारांना पडला. त्यात बॅटरीचे दोन मिळवा, मोडीचा एक वजा करा, पाचनं भागा : चार हजार दोनशे. नव्याइतकंच झालं! तेव्हा जावयांचं म्हणणं बरोबर आहे की मुलाचं, हे फोनवर ठरत नाही. ज्याच्याकडून घेताय, त्याच्याकडच्या चारांत किती खराब निघतात, यावर ठरतं.

आणि आता ती गोष्ट.

२०२०चा पावसाळा. शाळा-कॉलेजं बंद, वर्ग मोबाइलवर. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच. चालवणारे गृहस्थ पंधरा-वीस वर्षांपासून ओळखीचे. त्यांचा मुलगा अकरावीला. लोक घरी बसलेले, कपड्यांना इस्त्री कोण करणार, धंदा पार बसलेला. ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सर, पोराला फोन लागतोय. नवा दहाच्या खाली मिळत नाही म्हणतात. साडेसहात एक जुना मिळतोय. घेऊ का?"

मी वरचाच हिशेब त्यांना सांगितला. किंमत आधीच उतरलेली आहे, उपयोग तेवढाच आहे, म्हटलं, "घ्या की, नव्याचे पैसे कशाला घालवता?" मला माझ्या उत्तराचा थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

चार महिन्यांनी त्यांना दुसऱ्या शहरातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. हा हँडसेट चोरीला गेल्याची तक्रार आहे, आणून जमा करा. बिल होतं? नव्हतं. ज्या दुकानातून घेतला त्यानं हात वर केले : "बिलाशिवाय स्वस्त मिळतोय हे तुम्हाला माहीत होतं ना?" फोन जमा झाला. कायदाही तसाच आहे. आपल्याकडच्या १९३०च्या माल विक्री कायद्याचं तत्त्व असं, की जो स्वतः मालक नाही, तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. चोराकडून दहा हात फिरून आलेली वस्तूही मूळ मालकाचीच राहते. ते बरोबरच आहे. त्या मूळ मालकाचाही मुलगा अकरावीला असेल, मला काय माहीत? पण इस्त्रीवाल्यांचे साडेसहा हजार गेले, आणि दिवसभर ठाण्यात बसले त्या दिवसाची मजुरी गेली. मुलाची चाचणी होती, ती बुडली.

मी खूप दिवस माझा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. हिशेब चुकला नव्हता. चूक दुसरीकडे होती. मी सरासरी सांगितली होती. चारांत एक खराब निघाला तरी सरासरीनं परवडतं, हे वाक्य चार फोन घेणाऱ्याला खरं आहे. व्यापाऱ्याला खरं आहे, तो चारशे घेतो. मलाही बऱ्यापैकी खरं आहे, कारण एक बुडाला तर मी पेन्शनमधून दुसरा घेईन. जो माणूस एकच फोन घेऊ शकतो, त्याच्या आयुष्यात सरासरी येतच नाही. त्याला एक तर चांगला निघतो, नाहीतर सगळं जातं. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला समुदायाबद्दलचं विधान एका व्यक्तीला लावू नये, हे कळायला हवं होतं. मी ते फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय.

आणि यात अन्याय आहे तो असा. ज्याला धोका सोसतो, तो नवा घेतो, वॉरंटीसकट. ज्याला अजिबात सोसत नाही, त्याला परिस्थिती त्याच बाजारात ढकलते जिथे वॉरंटी नाही, बिल नाही, परत घेणं नाही. माथ्यावर पैसेवाल्यानं सोसलेल्या घसाऱ्यामुळे वस्तू खालच्याला परवडते, हे खरं. पण घसाऱ्याबरोबर संशयही खाली उतरत येतो, आणि तळाला साचतो.

म्हणून "जुना घेऊ का?" या प्रश्नाला मी आता उलट प्रश्न विचारतो : हे पैसे बुडाले, तर तुम्हाला दुसरा घेता येईल का? येत असेल तर जुना जरूर घ्या, शहाणपणाचं आहे. येत नसेल तर जुना घ्यायचा तो फक्त बिलासकट, आणि ज्याचं दुकान उद्याही तिथेच असणार आहे त्याच्याकडून. हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. तेही जमत नसेल, तर नव्यातला साधा घ्यावा.

आता जुना घेताना काय बघायचं. पडदा, कॅमेरा, आवाज, चार्जिंगचं भोक, हे सगळे बघतातच. मी न दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

फोनचा नंबर लावायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक समोर येतो. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचं 'संचार साथी' पोर्टल आहे, २०२३मध्ये देशभर सुरू झालं, तिथे तो क्रमांक घालून बघा. चोरीला गेला म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. पैसे द्यायच्या आधी बघायचं, हे सांगायला नको. २०२०मध्ये हे मला माहीत असतं तर, असं मनात येतं.

इथे माझ्यातला मास्तर जरा डोकं वर काढणार, माफ करा. 'रिफर्बिश्ड' म्हणून जो फोन मिळतो, त्याचा पडदा बदललेला, बॅटरी बदललेली, पाठ बदललेली. मग तो तोच फोन आहे का? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतात, रथाच्या बाबतीत : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाचं कोडं आहे, एकेक फळी बदलत गेलात तर जहाज तेच का? दोन हजार वर्षं आम्ही लोक यावर भांडतोय. दूरसंचार खात्यानं प्रश्न मिटवून टाकला. पंधरा आकडे तेच, तर फोन तोच! आकडे मदरबोर्डाबरोबर राहतात, बाकी सगळं बदललं तरी चालतं. आणि ते आकडे बदलणं हा २०२३च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. नागसेनांना हे उत्तर पटलं नसतं, पण ग्राहकाचं काम भागतं.

दुसरं, आधीच्या मालकाचं खातं. गूगलचं किंवा अॅपलचं खातं फोनमधून काढलेलं हवं. ते न काढता फोन पुसला, तर पुन्हा सुरू करताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. तो नसेल तर हातात नुसती काच. म्हणून मालकाला समोर बसवून खातं काढायला लावायचं, फोन रिकामा करायचा, आणि आपलं खातं घालून तिथेच सुरू करून बघायचा. लाजायचं नाही.

तिसरी बॅटरी. खरं घासणं होतं ते फक्त इथेच. अॅपल स्वतः सांगतं, की आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्यात, १५पासून हा आकडा १०००. युरोपीय संघानं २० जून २०२५पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनना ८०० चार्जची अट घातलीय. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० म्हणजे साधारण दीड वर्ष. त्यामुळे दोन वर्षं जुना फोन घेताना बॅटरीचे पैसे किमतीतच धरा. बॅटरी बदलता येते, त्यामुळे ती फार मोठी अडचण नाही.

मोठी अडचण चौथी, आणि ती कुठेच दिसत नाही : अपडेट किती वर्षं येणार. फोनचं आयुष्य आता लोखंडानं ठरत नाही, कंपनीच्या वचनानं ठरतं. गूगलनं ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ला, आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४ला सात वर्षांचं वचन दिलं. २०१५चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि २०२१चं आयओएस १५ही त्यावर चाललं. आयफोनची जुन्या बाजारातली किंमत टिकून राहते त्यामागे नुसती मिरवण्याची हौस नाही, हेही आहे. स्वस्त फोनांची वचनं पुष्कळदा फार आखूड असतात.

आणि यातली गोम लक्षात घ्या. ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल आज सीलबंद डब्यात 'भारी सूट' म्हणून मिळतं. डबा नवा, वय तीन. आपण नवा घेतला म्हणून खूश, आणि कडा तीन वर्षं जवळ आलेला. युरोपच्या नव्या नियमात मात्र उलटं आहे : मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध हवेत. आपल्याकडे घेताना एवढं करा, मॉडेल कधी आलं ते वर्ष विचारा, वचनातून वजाबाकी करा. दुकानातल्या मुलाला माहीत नसेल तर त्याच्याच फोनवर शोधायला सांगा.

नेटवर्कचंही थोडं असंच आहे. ५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ला आलं. तुमचं काम ४जीवर भागत असेल तर ४जीचा फोन घ्यायला हरकत नाही, फक्त विकायला जाल तेव्हा भाव लवकर पडलेला असेल हे धरून चाला.

इस्त्रीवाल्यांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी माझा तीन वर्षं वापरलेला फोन त्यांना देऊ केला. ते म्हणाले, "सर, फुकट नको. तुमच्यावर राग नाही, पण फुकट नको." मी म्हटलं, चार हजार द्या, सवडीनं. त्यांनी आठ महिने पाचशे-पाचशे आणून दिले. मी त्यांना मूळ बिल दिलं, आणि त्या बिलामागे हातानं लिहून दिलं : हा फोन मी अमुक तारखेला यांना विकला, सही. हे असं लिहून देण्याची मला पूर्वी कधी गरज वाटली नव्हती. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टपरीत देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. मुलगा पुढे त्याच फोनवर बारावी झाला.

वेळ झालीय असं अध्यक्ष खुणावतायत. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून : "सर, घरातल्या घरात जुना फोन घेण्याबद्दल काय?")

उत्तम बाजार! तिथे लिंबू नसतं. कुणाच्या हातून तो फोन पाण्यात पडला होता, हे सगळ्या घराला माहीत असतं. मुलांकडून आईकडे फोन येतो ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मुलगा नवा घेतो आणि "आई, तुला हा पुरेल." पुरतोही. फक्त त्या आईच्या फोनवर आता तिची पेन्शन असते, बँक असते. तेव्हा देणाऱ्यानं एवढं बघावं, की अपडेट अजून किती वर्षं येणार आहेत. संपले असतील तर तो फोन गाणी ऐकायला द्या, बँकेला नको.

(श्रोत्यांतून : "तुमच्याकडे कोणता आहे?")

मुलीचा. तिनं दोन वर्षं वापरून दिला. मागच्या महिन्यात बॅटरी घातली, अठराशे रुपये. मॉडेलचं वर्ष मी कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, कारण माझ्या लक्षात राहत नाही.